आरओचा दाब तपासला का?

पावणे गावातल्या बैठ्या घरात स्लॅबवर काळी टाकी असते आणि स्वयंपाकघरातला नळ तिच्यापासून जेमतेम तीन मीटर खाली. कोपरखैरणेच्या एखाद्या सेक्टरमधल्या सात मजली इमारतीत पहिल्या मजल्यावरचा नळ गच्चीवरच्या टाकीपासून वीसएक मीटर खाली असतो. घणसोली किंवा वाशीकडच्या उंच टॉवरमध्ये हेच अंतर पन्नास-साठ मीटर भरते. तिन्ही घरांत भिंतीवर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आरओ यंत्र असू शकते, आणि बसवणाऱ्याने तिन्ही ठिकाणी ते सारख्याच पद्धतीने बसवलेले असते. त्यात शिरणाऱ्या पाण्याचा दाब मात्र एका घरात दुसऱ्याच्या वीसपट असतो.

बाह्यरुग्ण विभागात येणारे लोक हल्ली मोबाइलवर टीडीएस मीटरचा फोटो दाखवतात. ‘डॉक्टर, आमचं पाणी पस्तीस आहे, चांगलं ना?’ हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतो. दाबाबद्दल आजवर कुणी विचारले नाही. खरे तर आरओ यंत्र चालते ते दाबावर. टीडीएसचा आकडा हा त्या दाबाचा बराचसा परिणाम असतो. ताप मोजावा आणि तो कशाने आला हे विचारू नये, तसेच हे झाले.

कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवले की थोड्या वेळाने पाणी सुटते. फोडीतले पाणी पेशींच्या पातळ पडद्यातून बाहेरच्या मिठाकडे ओढले जाते. ही ओढ म्हणजे परासरण. कमी क्षारांकडून जास्त क्षारांकडे पाणी आपोआप जाते, आणि जी ओढ त्याला नेते तिला परासरण दाब म्हणतात. आरओमध्ये आपल्याला नेमके उलटे हवे असते. खारट बाजूचे पाणी गोड बाजूला ढकलायचे, म्हणजे त्या ओढीवर मात करण्याइतका दाब बाहेरून द्यायचा. अंदाजासाठी एक ठोकताळा धरता येतो : पाण्यात दर शंभर टीडीएसमागे साधारण एक पीएसआय परासरण दाब. धरणाच्या पाण्यासाठी ही अडचण नगण्य, खाऱ्या बोअरसाठी बरीच, आणि समुद्राच्या पाण्यासाठी तर जवळपास चारशे पीएसआय.

हे तत्त्व जुने आहे. पण उपयोगी पडेल इतके पाणी जाऊ देणारा पडदा १९६०च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले श्रीनिवास सौरीराजन यांनी बनवला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या छोट्या गावाला अशा पडद्यातून गाळलेले पाणी मिळू लागले. आज आपल्या भिंतीवर जे यंत्र आहे, त्याच्या नळकांड्यात गुंडाळून बसवलेला पडदा हा त्याचाच सुधारलेला वंशज.

डॉक्टर म्हणून मला इथे मूत्रपिंडाची आठवण होते. मूत्रपिंडातही गाळणी आहे आणि तीही दाबावरच चालते. तिथला निव्वळ दाब असतो सुमारे १० मिलिमीटर पारा. एवढ्याशा दाबावर दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा, शरीराला हवे ते क्षार निवडून, परत घेतला जातो. घरच्या आरओच्या पडद्याला लागतो साधारण ६० पीएसआय, म्हणजे ३,१०० मिलिमीटर पारा. आपल्या वरच्या रक्तदाबाच्या पंचवीसपट! आणि एवढे करूनही त्याला कॅल्शियम कोणते आणि घातक नायट्रेट कोणते हे फारसे कळत नाही. तो सरसकट अडवतो.

आता ६० पीएसआय येणार कुठून? दहा मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ सुमारे १४ पीएसआय दाब देतो. मेकॅनिकच्या भाषेत एक किलो. म्हणजे पावण्याच्या त्या घरात तीन मीटरवरून चार पीएसआय, सात मजली इमारतीच्या पहिल्या मजल्यावर तीसच्या आत-बाहेर. म्हणूनच यंत्रात छोटा बूस्टर पंप असतो. विजेचे बटण दाबल्यावर जी बारीक घरघर ऐकू येते ती त्याची. तो आलेले पाणी ६० ते ८० पीएसआयवर नेऊन पडद्यावर ढकलतो. पण पंपाला मुळात पाणी मिळाले पाहिजे. बहुतेक कंपन्या आत येणाऱ्या पाण्यासाठी किमान ०.३ किलो दाब मागतात, म्हणजे साधारण तीन मीटर उंची. बैठी घरे आणि इमारतींचा सर्वांत वरचा मजला नेमके या सीमेवर असतात. त्यात आरओच्या आधी असलेली पांढरी दोऱ्याची कँडल पहिल्या पावसाच्या गढूळ पाण्याने तपकिरी झाली, की पंपापर्यंत पाणी पोहोचतच नाही. चांगल्या यंत्रात कमी दाब ओळखणारा स्विच असतो, तो पंप बंद करतो. स्विच नसेल किंवा मेकॅनिकने ‘सारखं बंद पडतंय’ म्हणून तो काढून तारा थेट जोडल्या असतील, तर पंप कोरडा फिरत राहतो आणि काही महिन्यांत त्याचा जोर जातो.

दाब कमी पडला तर काय होते? लोकांना वाटते, पाणी सावकाश येईल, एवढेच. खरी गोम पुढे आहे. दाब कमी झाला की पडद्यातून पाणी कमी जाते, पण क्षार मात्र पूर्वीइतकेच झिरपत राहतात, कारण त्यांचे झिरपणे दाबावर नव्हे तर दोन्ही बाजूंच्या क्षारांच्या फरकावर ठरते. तेवढेच क्षार, पण थोड्या पाण्यात. म्हणजे शुद्ध पाण्याचा टीडीएस वाढतो. समजा, २०० टीडीएसचे पाणी ६० पीएसआयवर गाळून २० होत असेल, तर दाब २५वर घसरल्यावर तेच ५०च्या आसपास जाईल. यात आरोग्याचे काही बिघडत नाही. पण खाडीकाठच्या बोअरचे १,५०० टीडीएसचे पाणी घ्या. त्याचा परासरण दाबच पंधरा-वीस पीएसआय. ६०मधून २० गेले की ४० उरतात. ३०मधून २० गेले की दहाच. दाब निम्मा झाला तर पाणी पावपट होते आणि त्यातले क्षार ढोबळ हिशेबाने चौपट. अशा वेळी मेकॅनिक येतो, मीटर बुडवतो आणि ‘मेम्ब्रेन गेलं’ म्हणून दोन-तीन हजारांचे बिल करतो. नवा पडदा बसतो, थकलेला पंप तसाच राहतो आणि चार महिन्यांनी पुन्हा तेच.

हे तपासायला घरात मोजपट्टीचे भांडे आणि घड्याळ पुरते. यंत्रावर ७५ जीपीडी असे लिहिलेले असेल, तर ठरलेल्या दाबाला आणि २५ अंश तापमानाला ते तासाला सुमारे १२ लिटर शुद्ध पाणी देते, म्हणजे लिटरभराला पाच मिनिटे. साठवण टाकीत जाणारी बारीक नळी काढून भांड्यात सोडा आणि वेळ लावा. सहा-सात मिनिटे लागली तर ठीक. थंडीत पाणी गार असते आणि दर अंशामागे तीनेक टक्के पाणी कमी येते, तेव्हा जानेवारीत आठ मिनिटांना घाबरू नका. पण बारा-पंधरा मिनिटे लागत असतील तर दाब गेला आहे किंवा पडदा चोंदला आहे. त्याच वेळी वाया जाणारे पाणीही दुसऱ्या भांड्यात मोजा. दोन्ही कमी असतील तर मागून पाणीच येत नाही : कँडल, आतला व्हॉल्व्ह किंवा पंप बघा. शुद्ध पाणी कमी आणि सांडपाणी भरपूर असेल तर संशय पडद्यावर किंवा सांडपाण्याच्या नळीतल्या रिस्ट्रिक्टरवर घ्या.

या रिस्ट्रिक्टरबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण घरोघरी सर्वांत जास्त प्रयोग याच्यावर होतात. मेकॅनिक त्याला ‘एफआर’ म्हणतात. बोटाएवढा तुकडा, त्यावर ३०० किंवा ४५० असा आकडा. म्हणजे मिनिटाला तेवढे मिलिलिटर सांडपाणी जाऊ देणारा. नळावर बोट ठेवले की पाण्याची धार जशी जोरात उडते, तसा हा तुकडा वाट अरुंद करून मागे दाब धरून ठेवतो. तो काढून टाकला की पंप कितीही चालो, पडद्यावर दाब बनत नाही; सगळे पाणी सरळ मोरीत. उलट, ‘केवढं पाणी वाया जातं’ म्हणून काही जण सांडपाण्याची नळी दोऱ्याने आवळतात. भावना चांगली, पण त्यामुळे पडद्याजवळ क्षार साचून त्यांचा खरपुडा धरतो, आणि त्याच पाण्यात नळी कुठेतरी निसटण्याइतका दाब चढतो. पाणी वाचवायचे तर ते बादलीत धरून लादी पुसायला, संडासात ओतायला वापरावे. मूळ पाणी धरणाचे असेल तर झाडांनाही चालते, खाऱ्या बोअरचे असेल तर तुळस दोन महिन्यांत मान टाकेल.

आमच्या डायलिसिस विभागात हेच तंत्र वेगळ्या शिस्तीने चालते. चार तासांच्या एका डायलिसिसला सुमारे १२० लिटर आरओचे पाणी लागते आणि ते फक्त एका पातळ पडद्याच्या अंतराने रुग्णाच्या रक्ताशेजारून वाहते. म्हणून तिथल्या संयंत्रावर प्रत्येक गाळणीच्या आधी आणि नंतर दाबमापक असतो आणि तंत्रज्ञ आकडे रोज वहीत लिहितो. दोन मापकांतला फरक वाढू लागला की गाळणी चोंदायला लागली हे पाण्याचा टीडीएस बिघडण्याआधीच कळते. घरच्या यंत्रात असा मापक का नसतो याचे मला नेहमी नवल वाटते. जागा तळहाताएवढीही लागत नाही, किंमतही फार नाही. सर्व्हिसला येणाऱ्याला ‘पंपाच्या पुढचा दाब मोजून दाखवा’ एवढे सांगायला हरकत नाही. ज्याच्या पिशवीत मापक नाही, तो दाबाबद्दल अंदाजच सांगतो आहे.

टॉवरमधली कथा उलटी. साठ मीटर खाली सहा किलो दाब होतो. इमारतीच्या वाहिन्यांवर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह असतात, पण एखादा बिघडला की त्या रांगेतल्या सगळ्या स्वयंपाकघरांत त्याचे परिणाम दिसतात. आरओ यंत्रे साधारण दोन ते तीन किलोपर्यंत सोसतात; नेमका आकडा माहितीपुस्तिकेत असतो. त्यापुढे कँडलच्या भांड्याला चीर जाते किंवा पांढरी नळी जोडातून सटकते. तेही बहुधा रात्री, कारण वापर थांबला की नळातला दाब चढतो. सकाळी दिवाणखान्यापर्यंत पाणी. खालच्या मजल्यांवर राहणाऱ्यांनी आरओच्या आधी दाबनियंत्रक व्हॉल्व्ह बसवून घ्यावा आणि रात्री यंत्राकडे जाणारा नळ बंद करावा.

दाबाची आणखी एक गोष्ट आहे, आणि माझ्या दृष्टीने ती सर्वांत महत्त्वाची. कमी दाबावर आपल्याकडचा लोकप्रिय उपाय म्हणजे महापालिकेच्या नळालाच मोटर लावणे. हे बेकायदा आहे, हे सगळ्यांना माहीत असते. ते धोक्याचे का, हे कमी जणांना माहीत असते. जमिनीखालच्या जलवाहिनीत पाणी दाबाने भरलेले असते तोवर फटीतून पाणी बाहेर गळते, बाहेरची घाण आत येत नाही. मोटरने ओढ लावली की वाहिनीतला दाब घसरतो, कधी बाहेरच्यापेक्षाही कमी होतो. मग शेजारून जाणाऱ्या गटाराचे पाणी त्याच फटीतून आत खेचले जाते. ते मोटर लावणाऱ्याच्याच नव्हे, त्या वाहिनीवरच्या सगळ्यांच्या घरी जाते. टप्प्याटप्प्याने पाणी सोडणाऱ्या गावांत पुरवठा बंद असतानाही हाच धोका असतो.

इचलकरंजीत २०१२ मध्ये काविळीची मोठी साथ आली होती. पाण्यातून पसरणाऱ्या काविळीतला हेपटायटिस ई हा विषाणू शेवटच्या तिमाहीतल्या गरोदर स्त्रियांना गाठतो तेव्हा चार-पाचांतली एक दगावू शकते. आणि तो शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे व्हायला दोन ते आठ आठवडे लागतात, त्यामुळे कुठल्या दिवशीच्या कुठल्या पाण्याने घात केला हे त्या घराला कधीच कळत नाही. ‘पण डॉक्टर, आमच्याकडे आरओ आहे’ असे अशा घरांतूनही ऐकायला मिळते. पडदा धड असेल तर विषाणू अडतातही. पण दात घासायचे, कोथिंबीर धुवायची, भांडी विसळायची ती त्याच नळाच्या पाण्याने. खालच्या टाकीत एकदा गटाराचे पाणी आले की आरओचा एक नळ तेवढा सुरक्षित राहून भागत नाही.

मुळात आरओ हवे का, हा प्रश्न मी मुद्दाम इतक्या उशिरा घेतो आहे, कारण यंत्र बहुतेकांनी आधीच घेतलेले असते. नवी मुंबई महापालिकेचे स्वतःचे पाणी खालापूर तालुक्यातल्या धावरी नदीवरील मोरबे धरणाचे; पावण्याच्या औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसीचे पाणी येते ते बदलापूरजवळच्या बारवी धरणाचे. दोन्ही ठिकाणी सह्याद्रीत पडलेला पाऊस साठतो. अशा पाण्यात क्षार मुळातच कमी, टीडीएस सहसा दोनशेच्या खाली. भारतीय मानक ५००पर्यंतचे पाणी पिण्यास योग्य मानते आणि दुसरा स्रोतच नसेल तर २,०००पर्यंत चालवून घेते. राष्ट्रीय हरित लवादाने २० मे २०१९ च्या आदेशात, ५००हून कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी आणावी, असे म्हटले होते. पुढे त्यावर बराच काथ्याकूट झाला. पण त्यामागचे गणित साधे आहे. एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटर सोडायचे, म्हणजे वीस लिटर पिणाऱ्या-रांधणाऱ्या घरातून रोज साठ लिटर चांगले पाणी मोरीत जाते.

धरणाचे पाणी थेट येत असेल तर यूव्ही किंवा यूएफ गाळणी पुरते, दाबाची कटकटही कमी. यूएफला परासरणाशी झगडायचे नसते, पाच-सात मीटरवरच्या टाकीचा दाब तिला चालून जातो. आरओ खरे लागते ते खाडीकाठच्या बोअरला, कुठून भरला याचा पत्ता नसलेल्या टँकरला, आणि आपल्या राज्यात अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्याला. तिथल्या माणसाला ‘आरओ टाळा’ असे सांगणे म्हणजे थट्टा होईल. टॉवरमध्ये राहणाऱ्यांनी सोसायटीच्या टाकीत महापालिकेच्या पाण्याबरोबर उन्हाळ्यात टँकरचे किती मिसळले जाते हे विचारावे आणि एप्रिल-मेमध्ये पुन्हा टीडीएस मोजावा.

आरओच्या पलीकडे गेलेले पाणी आपोआप निर्जंतुक राहते हाही एक समज. नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन उरलेले असावे असे मानक सांगते, ते जंतूंपासून राखण करण्यासाठीच. आरओमधली कोळशाची गाळणी हे क्लोरिन काढून टाकते. काढावेच लागते, नाहीतर पडदा खराब होतो. म्हणजे शुद्ध पाण्याच्या टाकीला राखणदार नाही. पुण्यात जानेवारी २०२५ मध्ये गुइलेन बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, तेव्हा महापालिकेने नांदेड गाव, धायरी परिसरातले ३० खासगी पाणी प्रकल्प बंद केले; नमुने पिण्यायोग्य नव्हते. घरच्या टाकीची गोष्ट त्याहून लहान, पण तत्त्व तेच. सर्व्हिसच्या वेळी टाकी आतून धुवून घ्या. बहुतेक मेकॅनिक फक्त गाळण्या बदलून निघतात.

गणपतीला आठ-दहा दिवस गावी जाताना यंत्राचे बटण बंद करून लोक निघतात, पण पाण्याचा नळ उघडाच ठेवतात. बटण बंद असले तरी कँडलच्या भांड्यावर नळाचा दाब रात्रंदिवस असतोच. नळ बंद करा, टाकी रिकामी करा. परत आल्यावर यंत्र चालू करून पहिल्या दोन टाक्या भरून सोडून द्या, आणि तिसरी भरताना घड्याळ लावून एक लिटरला किती मिनिटे लागतात ते यंत्राच्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहून ठेवा.